चोराला कंपनीचा सायलेन्सर कशाला हवा?

ती फिर्याद माझ्या अजून पक्की लक्षात आहे, कारण फिर्यादी येताना चोराचं नावही सोबत घेऊन आला होता. चोरीच्या गुन्ह्यात असं क्वचित घडतं. माणूस घाबरलेला असतो, चिडलेला असतो, फार तर शेजाऱ्यावर किंवा जुन्या नोकरावर अंधुक संशय घेतो. हे गृहस्थ मात्र माझ्यासमोर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, गाडी कुणी नेली ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त उचलून आणा."

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. फिर्यादी चाळिशीचा, जमीनजुमल्याच्या घरातला. घराण्याची शेती औद्योगिक वसाहतीत गेली, त्यातून शेड आणि प्लॉट उभे राहिले. त्यांना मी इथं मालक म्हणतो. त्यांच्याकडे परदेशी बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स कार होती. आमच्या शहरात ती बघायची गरज नव्हती, नुसत्या आवाजावरून लोक सांगायचे की कोण चाललं आहे.

दुपारी बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. मालक जेवून बाहेर आले तर गाडी जागेवर नव्हती. दोन्ही चाव्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"चाव्या तुमच्याकडे आहेत, मग गाडी सुरू कशी झाली?" मी विचारलं.

"तेच तर सांगतोय. त्या गाडीचा कॉम्प्युटर फक्त एका बाईनं उघडलाय. तिला चावी लागतच नाय. तिच्या गॅरेजवर जा, सगळं निघेल." मग ते पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "तिची वस्ती कुठली ते एकदा बघा, म्हणजे तुमच्या ध्यानात येईल."

"वस्ती मी तपासात घेत नाही," मी म्हणालो. "गाडीबद्दल बोला."

गुन्हा नोंदवला, बिनतारी संदेशानं नाक्यांना कळवलं, गुन्हे शोध पथकाची दोन माणसं मंगल कार्यालयाकडं पाठवली. ज्या बाईंचं नाव घेतलं होतं त्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी महिला अंमलदार घेऊन जायचं ठरवलं होतं. त्याची वेळच आली नाही. सकाळची हजेरी चालू असताना त्या स्वतःच ठाण्यात आल्या.

तिशीच्या आसपासच्या, कामाचे बूट, बाह्या दुमडलेला शर्ट. घर बौद्ध, वडील सरकारी कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. स्वतः यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याच्या एका कारखान्यात काही वर्षं नोकरी केली होती आणि मग गावी परत येऊन चिकलठाण्याच्या बाजूला गॅरेज टाकलं होतं. वेगाच्या गाड्या आणखी वेगवान करून द्यायचं काम. बसायला सांगितल्यावर बसल्या, पण चहा घेतला नाही.

"माझं नाव काल संध्याकाळपासून गॅरेजवाल्यांच्या सगळ्या लाइनीत फिरतंय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही बोलावायची वाट कशाला बघायची. समोर बसते, विचारा."

मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. गाडी घेतल्यावर थोड्याच काळात मालकांना ती हळू वाटायला लागली. बाईंनी मोठा टर्बो बसवला, इंजिनाच्या संगणकाचं मॅपिंग बदललं, सायलेन्सर बदलला, शॉकअप बदलून गाडी खाली घेतली, चाकं रुंद केली. कंपनीचे काढलेले पार्ट खोक्यांत भरून मालकांच्या ताब्यात दिले.

"करायच्या आधी बजावलं होतं," त्या म्हणाल्या. "कंपनीची वॉरंटी जाईल. विम्यावाल्यांना कळवावं लागेल. आणि विकायला काढाल तेव्हा हा खर्च निघणार नाही, उलट भाव पडेल. तर म्हणाले, विकायची कुणाला आहे?"

"मग?"

"मग नवीन मॉडेल आलं. ही विकायला काढली. कुणी घेईना. माझ्याकडे आले, म्हणाले सगळं होतं तसं करून दे. मी म्हटलं करते, खोकी आणा. खोकी त्यांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. मग म्हणाले, नवे पार्ट तू तुझ्या खिशातून आण, गाडी तू बिघडवलीस. मी नाही म्हटलं. त्या दिवशी जाताना म्हणाले, तुझं गॅरेज कसं चालतं ते बघतो."

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सुनावलं. त्यांनी मान खाली घातली नाही.

"त्याचा दंड असेल तो लावा, भरीन. माझं काम मी नाकारत नाही. चोरी मात्र मी केलेली नाही, आणि कुणी कितीही वेळ बसवलं तरी केली असं म्हणणार नाही."

आमच्या खात्यात एक सवय आहे. जो ताठ बोलतो त्याच्यावर संशय वाढतो आणि जो रडतो त्याची दया येते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी रडणारे चोर भरपूर पाहिले होते. बाईंचा जबाब नोंदवला, गॅरेजची झडती पंचांसमक्ष घेतली. काही सापडलं नाही. त्यांना घरी जाऊ दिलं. हे घरी जाऊ देणं पुढं मला महागात पडणार होतं, पण अटक करायला हातात काय होतं? एका माणसाचं बोट, एवढंच.

दुपारी मी जालना रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. मालकांनी गाडी विकायला आणली होती का, एवढंच विचारायचं होतं. त्यानं मला बाजार समजावून सांगितला.

"हीच गाडी कंपनीतून निघाली तशी असती ना साहेब, तर मी फोनवर विकली असती. मॉडिफाय केलेली बघितली की घेणारा चार पावलं मागं सरतो. मालकानं एवढी पळवली तर इंजिनात जीव किती उरला, असं त्याच्या मनात येतं. परत पासिंगची कटकट, विम्याची कटकट. मालक म्हणतो, मी वर इतका खर्च केलाय, तो धरा. घेणारा म्हणतो, हे सगळं काढायचा खर्च मला येणार, तो वजा करा. दोघांचं जुळायचं कसं?"

"तुम्ही काय भाव दिला?"

"निम्म्याच्याही खाली. तर माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या अंगावर आले. लई बोलले. मी म्हटलं, मग दुसरीकडं बघा. दुसरीकडंबी तेच ऐकलं असंल त्यांनी."

मालकांना गाडी नकोशी झाली होती आणि बाजाराला ती नको होती. विमा मात्र कागदावरच्या किमतीचा, जणू गाडीला कुणी हातच लावलेला नाही. मला दिसायला लागलं होतं, पण दिसणं म्हणजे पुरावा नव्हे.

मंगल कार्यालयाच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पथकानं आणलं. टोपी घातलेलं कुणीतरी गाडी बाहेर काढत होतं, चेहरा दिसत नव्हता, पुरुष की बाई तेही कळत नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. फाटकापाशी उंच गतिरोधक होता. इतर गाड्या सरळ येऊन त्यावरून उडत होत्या. ही गाडी मात्र आधी थांबली, तिरकी झाली आणि एकेक चाक अलगद चढवत पार झाली. गाडी खाली घेतलेली असली की पोट घासतं, म्हणून तसं न्यावं लागतं. चोर घाईत असतो. तो पहिल्यांदाच ती गाडी चालवत असता तर घासली असती. चालवणाऱ्याला गाडीची सवय होती. यातही बाई सुटत नव्हत्या, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनाही गाडीची सवय होतीच. पण मालकांच्या घरात ती आणखी कोण चालवायचं, हा प्रश्न मी टिपून ठेवला. उत्तर सोपं निघालं. त्यांचा मेव्हणा.

याच सुमारास फोन सुरू झाले. आधी एका नेत्याच्या स्वीय सहायकाचा, मग नेत्याचा स्वतःचा. "ती गॅरेजवाली अजून बाहेर कशी? दोन दिवस आत ठेवा, बोलायला लागंल." मी म्हणालो, "आपलं म्हणणं मी आपल्या नावानिशी स्टेशन डायरीला घेतो." स्टेशन डायरी म्हणजे ठाण्यात घडलेल्या प्रत्येक गोष्टीची रोजची नोंद, ती पुढं कोर्टातही जाते. फोन बंद झाला. पण तो बंद झाल्यावर वरिष्ठांचा आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर कशाला हट्ट करताय?"

"साहेब, अटकेचं कारण कागदावर लिहावं लागतं," मी म्हणालो. "माझ्याकडे लिहायला कारण नाही. आपण लेखी आदेश द्या." लेखी काही आलं नाही.

तिकडं बाईंच्या जागामालकानं गॅरेज रिकामं करायला सांगितलं होतं. दुरुस्तीला आलेल्या गाड्या लोक परत न्यायला लागले होते. मालकांकडून एक वजनदार नातेवाईक बाईंच्या वडिलांना भेटून गेला. गाडीच्या कॉम्प्युटरचा कोड मुलीच्या निष्काळजीपणानं बाहेर गेला आणि त्यामुळं गाडी गेली असं लिहून द्या, गॅरेज बंद करा, आम्ही चोरीचा आग्रह सोडतो, असा निरोप. वडील थकले होते. ते मुलीला घेऊन ठाण्यात आले आणि माझ्यासमोर तिला म्हणाले, "पोरी, दे सही करून. पुण्याला परत जा. नोकरी कुठंबी मिळंल तुला."

"नोकरी मिळेल दादा," बाई वडिलांना म्हणाल्या, "पण तिथं कुणी विचारलं की गाव का सोडलं, तर काय सांगू? गॅरेज उठवायचं तर उठवू देत. मी रस्त्यावर अवजारं मांडून बसीन, पण सही करणार नाही."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तपासी अधिकाऱ्यानं अशा वेळी बोलायचं नसतं. त्या निरोपाचा जबाब तेवढा लिहून घेतला.

खबर आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. शहरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा एक दलाल होता, माझ्या ओळखीचा. तो खबऱ्या नव्हता, पण पूर्वी एका प्रकरणात त्याच्यावर खोटा आळ आला होता आणि तो मी तपासात दूर केला होता. ते तो विसरला नव्हता. तो चहाच्या वेळी ठाण्यात आला आणि दार लोटून घेतलं.

"साब, वो जो गाडी चोरी हुई ना, उसका कंपनीवाला सायलेन्सर ढूंढरे लोगां. सिल्लोडकडून निरोप आला. सायलेन्सर होना, शॉकअप होना, टर्बोभी होना. सब ओरिजिनल, सेकंडहँड चलेगा बोले."

"मग? पार्ट तर लोक शोधतातच."

"ऐसी गाडी अपने इलाके में कित्त्या हैं? एकीच. और वो चोरी में गई." तो हसला. "चोर कू कंपनीका सायलेन्सर कायकू होना, साब?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. ज्याला गाडी फोडून विकायची आहे तो बसवलेले भारी पार्ट काढून विकेल, आणि त्यांना हौशी लोकांत भाव असतो. ज्याला ती चालवायची आहे त्याला ती आहे तशीच हवी असेल. कंपनीचे पार्ट शोधतो तो एकच माणूस. ज्याला ती गाडी कधी बदललीच नव्हती असं दाखवून कुणाला तरी पूर्ण भावात विकायची आहे. आणि बाईंना हे करायचं असतं, तर पार्ट कुठं मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सिल्लोडहून संभाजीनगरात निरोप कशाला पाठवला असता?

दलालाला मी सांगितलं, माल आहे असा निरोप दे. त्यानं कुठूनतरी तसल्या मॉडेलचे शॉकअप मिळवले. ते न्यायला एक पिकअप आलं आणि आमच्या पथकाची मोटारसायकल त्याच्या मागं लागली. फुलंब्री ओलांडून पिकअप सिल्लोडच्या अलीकडं एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात शिरलं. आम्ही दोन पंच घेऊन भर दुपारी तिथं पोचलो. शेडमध्ये कापसाची धूळ अजून होती. मधोमध मालकांची गाडी जॅकवर चढवलेली. एका बाजूचं चाक उघडं होतं, बॉनेट वर होतं आणि शेजारी खुर्ची टाकून मालकांचा मेव्हणा बसला होता.

पंचनामा झाला. गाडीजवळ त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची नंबरप्लेट आणि कागदपत्रांच्या प्रती सापडल्या. ती गाडी दुसऱ्या राज्यात अपघातात पार मोडलेली होती. तिची ओळख या गाडीला चढवायची होती.

मेव्हण्याला ठाण्यात आणलं. पंचविशीचा, अंगानं भरलेला, आवाज मोठा. मी कुणालाही त्याला हात लावू दिला नाही, तशी गरजही नव्हती. त्याला समोर बसवलं आणि साधे प्रश्न विचारले.

"गाडी इथं कशी आली?"

"त्या बाईनं लपवली, साहेब. मला आजच कळलं. मी सोडवायला गेलो व्हतो."

"बरं. मग पोलिसांना का नाही कळवलं?"

"कळवणारच व्हतो."

"शॉकअप कुणी मागवले?"

तो दाराकडं बघायला लागला.

"गाडी सोडवायला गेला होतास ना? मग तिला कंपनीचे शॉकअप कशाला बसवत होतास?"

त्यानं पाणी मागितलं. दिलं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याला प्रश्नांची सोय वाटते, प्रश्न आला की त्याला काहीतरी जोडून देता येतं. शांततेत त्याला स्वतःचंच खोटं ऐकू येत राहतं. थोड्या वेळानं तो खाली बघून बोलायला लागला.

"दाजी म्हणले, गाडी आपलीच हाये, चोरी कसली त्याच्यात. मी कार्यालयातून बाहेर काढली, जवळच्या गोदामात लावली अन् मागल्या दारानं येऊन चावी दाजींच्या हातात दिली. मग ते आरडाओरडा करायला गेले. पुढं गाडी हिकडं आणली. घेणारा दुसऱ्या राज्यातला व्हता. त्याचं म्हणणं एकच, गाडी कंपनीची पाहिजे, काही बदललेलं नको. त्याच्याजवळचे कागद तशा गाडीचे व्हते ना."

"आणि त्या बाईंचं नाव?"

"ते दाजींनी घातलं. म्हणले, तिला धडाबी बसंल."

विम्याची पूर्ण रक्कम एकीकडून, गाडीची पूर्ण किंमत दुसरीकडून. जे उघड बाजारात मिळत नव्हतं ते दोनदा मिळवायचा बेत होता. आणि चोरीच्या बाजारानंही त्यांना तेच ऐकवलं जे जालना रोडवरच्या व्यापाऱ्यानं ऐकवलं होतं. गाडी मूळची पाहिजे.

मालकांना आणलं तेव्हा ते खजील झालेले नव्हते. "गाडी माझी, मी लपवली. कुणाचं काय गेलं?" ते म्हणाले.

"गाडी तुमची," मी म्हणालो. "त्या बाईंचं नाव तुमचं नव्हतं."

खरी ओढाताण इथून पुढं झाली. गुन्हा खोटा निघाला की पोलिसांना न्यायालयात समरी अहवाल पाठवावा लागतो. गैरसमजातून फिर्याद झाली असेल तर क समरी. जाणूनबुजून, द्वेषानं खोटी दिली असेल तर ब समरी, आणि मग फिर्यादीवरच कारवाई होते. वरून निरोप आला की क समरी पाठवा, घरातल्या घरात गैरसमज झाला असं लिहा, मेव्हण्यानं न विचारता गाडी नेली असं लिहा. मी ब समरी लिहिली. खोटी फिर्याद, विम्याच्या फसवणुकीचा प्रयत्न आणि बनावट कागद यांचा वेगळा गुन्हा दाखल केला आणि दोघांना अटक केली. अहवाल माझ्या सहीनं गेला. त्यानंतर लवकरच माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. प्रशासकीय कारण, असं आदेशात होतं.

बाईंकडं पुन्हा तोच नातेवाईक गेला, या वेळी हात जोडून. आता त्यांनी गैरसमज झाला होता असं कोर्टात म्हणावं, गॅरेजची जागा कायमची करून देऊ. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. गॅरेज मात्र त्यांना खरंच हलवावं लागलं. जुन्या जागेहून लहान, पत्र्याच्या शेडमध्ये. गेलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत. खरी गोष्ट कळल्यावर लोक धावत माफी मागायला येतात असं गोष्टीत होतं, इथं तसं काही झालं नाही. ज्यांनी नाव घेतलं होतं ते नुसते गप्प झाले.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. माझ्यानंतर बाईंची साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी त्यांना बराच वेळ घोळवलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे गाडीची किंमत तुमच्याच कामामुळं गेली, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना वेग पाहिजे होता, मी दिला. भाव पडेल हे आधी सांगितलं होतं, तेही त्यांनी ऐकलं होतं. गाडी त्यांची होती, त्यांनी तिचा भाव घालवला, मला काही म्हणायचं नाही. माझं नाव मी विकायला काढलेलं नव्हतं."

न्यायाधीशांनी ते शब्द तसेच नोंदवून घ्यायला सांगितलं. खालच्या न्यायालयात दोघांना शिक्षा झाली. अपील चालू आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

खात्यातले जुने सोबती भेटले की अजून म्हणतात, एका गाडीपायी शेवटची पोस्टिंग घालवलीस. त्यांचं म्हणणं मला कळतं. पण मला या प्रकरणानं जे दाखवलं ते मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असतो. एखाद्याला एखादं काम जमतं, म्हणून ते त्यानंच केलं असेल, हा तपास नव्हे. ती बाई त्या गाडीचा संगणक उघडू शकत होती, एवढ्यावर आख्खं शहर तिला चोर म्हणायला तयार होतं. आणि ज्याच्या दोन्ही चाव्या माझ्या टेबलावर पडल्या होत्या त्याला कुणी एक प्रश्न विचारायला तयार नव्हतं, कारण तो फिर्यादी होता आणि त्याच्यामागं फोन होते. खुर्चीवरच्या माणसाचं काम तो प्रश्न विचारणं आहे.

नियंत्रण कक्षातून निवृत्त झालो याचा मला कमीपणा वाटत नाही. ब समरीवर माझी सही आहे. उद्या तीच फिर्याद पुन्हा माझ्यासमोर आली, तेच फोन आले, तर तीच सही पुन्हा करीन.